वासराची पहिली शिदोरी

गाय व्याली की शेतकऱ्याच्या घरात आनंदीआनंद होतो. मुले गोठ्याच्या दाराशी गर्दी करतात. गाय आपल्या वासराला चाटून चाटून कोरडे करीत असते. ते थरथरत उठू पाहते. एकदा पडते, दोनदा पडते, आणि शेवटी चार काटकुळ्या पायांवर कसेबसे उभे राहून मातेच्या कासेचा शोध घेऊ लागते. जन्माला येऊन त्याला पुरते दोन तासही झालेले नसतात. तरी आपले अन्न कोठे आहे, हे त्याला कोणी न शिकवता उमजते.

परंतु हे दृश्य जितके आनंदाचे, तितकेच त्यापुढील काही दिवस जोखमीचे असतात. काल उड्या मारणारे वासरू आज एकाएकी कोपऱ्यात मान टाकून बसते. त्याला पांढरट-पिवळी, पाण्यासारखी पातळ हगवण लागते. ते दूध पिण्याचे सोडते. त्याचे डोळे खोल जातात, कान आणि पाय गार पडतात. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती लगेच पूर्ववत न होता काही वेळ तशीच उभी राहते. नवजात वासराच्या शरीराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. या रोगात ते पाणी, आणि त्याबरोबर शरीराला अवश्य असणारे क्षार, झपाट्याने बाहेर जातात. वेळीच उपाय झाला नाही, तर एक-दोन दिवसांत वासरू दगावते. या रोगाला आपल्याकडे ‘पांढरी हगवण’ म्हणतात.

एक वासरू गेले तर एवढे काय बिघडले, असे शहरात राहणाऱ्या एखाद्यास वाटेल. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने कालवड म्हणजे काही वर्षांनंतरची दुभती गाय आणि गोऱ्हा म्हणजे उद्याचा बैल. शिवाय आपल्या गावठी गाई आणि म्हशी वासराने कासेला तोंड लावल्यावाचून सहसा पान्हा सोडत नाहीत. वासरू मेले की गाय हंबरत राहते, पान्हा चोरते आणि घरातले दूध आटते. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभे करण्याची रीत आपल्याकडे होती, ती याच अडचणीमुळे. तेव्हा या रोगात एक मुका जीव तर जातोच. पण त्याच्याबरोबर घरातील मुलांच्या तोंडचे दूधही जाते.

या रोगावर माणसाने लस शोधून काढली आहे, आणि त्या शोधाची हकीकत मोठी उद्बोधक आहे. ही लस एका बाबतीत अगदी निराळी आहे. आजार होतो वासराला. पण लस टोचतात त्याच्या मातेला, आणि तीही वासरू जन्मास येण्यापूर्वी! असे का करावे लागते, हे समजून घ्यायचे असेल, तर आपल्याला एकोणिसाव्या शतकापासून सुरुवात केली पाहिजे.

१८८५ साली जर्मनीतील म्युनिक शहरी टेओडोर एशेरिख नावाच्या बालवैद्याने तान्ह्या मुलांच्या मळाची सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासणी केली. तीत त्याला दांडीच्या आकाराचा एक जंतू आढळला. पुढे या जंतूस एशेरिखच्याच नावावरून ‘एशेरिकिया कोलाय’ असे नाव मिळाले. थोडक्यात त्यास ‘ई. कोलाय’ म्हणतात. यानंतर थोड्याच वर्षांनी डेन्मार्कमधील पशुवैद्य येन्सन याने वासरांच्या हगवणीचा अभ्यास केला. रोगी वासरांत त्याला याच जातीचे जंतू सापडले. आणि ते जंतू निरोगी नवजात वासरांना पाजले असता त्यांनाही हगवण लागते, असे त्याने दाखवून दिले.

रोगाचे कारण सापडले, असे यावरून वाटेल. पण येथेच एक कोडे उभे राहिले. ई. कोलाय हे जंतू तर धडधाकट वासरांच्या आतड्यांतही असतात. मोठ्या गाईंच्या पोटात असतात. तुमच्या-माझ्या पोटातही असतात. ते बहुधा कोणाला त्रास देत नाहीत. मग तोच जंतू एका वासराच्या पोटात निमूटपणे राहतो आणि दुसऱ्याचा प्राण घेतो, हे कसे?

या कोड्याचा पहिला अर्धा भाग अमेरिकेत उलगडला. तेथे प्रिन्स्टन या गावी रॉकफेलर संस्थेची पशुरोगांवरील संशोधनशाळा होती, आणि थिओबाल्ड स्मिथ हे तिचे प्रमुख होते. हे गृहस्थ मोठे चिकित्सक संशोधक होते. गुरांना होणारा एक घातक ताप गोचिडीमुळे पसरतो, हे त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह १८९३ सालीच सिद्ध केले होते. किड्यांमुळे रोगाचा प्रसार होतो, ही गोष्ट त्या काळी पुष्कळांना खरी वाटत नसे.

१९२२ साली स्मिथ आणि त्यांचे सहकारी राल्फ लिटल यांनी वासरांवरील एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी नवजात वासरांचे दोन गट केले होते. एका गटातील वासरांना जन्मल्याबरोबर मातेचा चीक पिऊ दिला. चीक म्हणजे गाय व्याल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत येणारे पिवळसर, दाट दूध. दुसऱ्या गटातील वासरांना चीक न देता साधे दूध पाजले. गोठा एकच, हवापाणी एकच, राखणदारही तेच. तरीही चीक न मिळालेली बहुतेक वासरे थोड्या दिवसांत मरण पावली. चीक प्यालेली वासरे मात्र जगली. मेलेल्या वासरांची तपासणी करता ई. कोलाय जंतू आतड्यांची हद्द ओलांडून त्यांच्या इतर अवयवांत शिरलेले आढळले.

हा प्रयोग कोणाला निष्ठुर वाटेल, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यापूर्वी चिकाचे खरे मोल कोणालाच नीट ठाऊक नव्हते. चीक केवळ पोट साफ करण्यासाठी असतो, अशी पुष्कळांची समजूत होती. त्या थोड्या वासरांच्या प्राणांचे मोल देऊन जे ज्ञान मिळाले, त्यामुळे पुढे असंख्य वासरे वाचली, हे विसरता कामा नये.

चिकात असे काय असते? आपल्या शरीरात रोगजंतू शिरला, की शरीर त्याच्याशी लढण्यासाठी एक प्रकारची प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. प्रत्येक शत्रूसाठी वेगळे प्रतिपिंड असते. ज्याप्रमाणे एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपास लागत नाही, त्याप्रमाणे एका जंतूविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्या जंतूवर चालत नाही. मनुष्याचे मूल आईच्या उदरात असते, तेव्हाच आईच्या रक्तातील ही प्रतिपिंडे वारेतून त्याच्या रक्तात उतरतात. म्हणून ते जन्मास येते तेच थोडीफार शस्त्रे घेऊन. गाईच्या वारेची घडण मात्र निराळी आहे. तिच्यात मातेचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांमध्ये इतके पदर असतात, की त्यांतून प्रतिपिंडे पलीकडे जाऊच शकत नाहीत. त्यामुळे वासरू जन्मते ते अगदी निःशस्त्र!

निसर्गाने याची भरपाई चिकात केली आहे. विण्यापूर्वीच्या शेवटच्या आठवड्यांत गाईच्या रक्तातील प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात कासेत गोळा होऊ लागतात. वासरू चीक प्याले, की ती त्याच्या आतड्यातून जशीच्या तशी रक्तात शिरतात. १९२२ सालीच लिटल आणि मॅरियन ऑर्कट या संशोधिका यांनी हे रक्त तपासून दाखविले. त्यांनी घेतलेल्या गाईंच्या रक्तात एका विशिष्ट जंतूविरुद्धची प्रतिपिंडे होती. त्यांच्या वासरांच्या रक्तात जन्मतः ती मुळीच नव्हती. पण वासरांनी चीक प्याल्यावर थोड्याच तासांत ती त्यांच्या रक्तात दिसू लागली.

मात्र वासराच्या आतड्याचा हा दरवाजा फार काळ उघडा राहत नाही. जन्मानंतर पहिल्या काही तासांत तो सताड उघडा असतो. मग तासागणिक मिटत जातो, आणि सुमारे २४ तासांनी बंद होतो. त्यानंतर घागरभर चीक पाजला, तरी त्यातील प्रतिपिंडे रक्तात शिरत नाहीत.

आपण ज्या खरवसावर ताव मारतो, तो याच चिकाचा करतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. चीक वाफेवर ठेवला, की विरजण न घालताही तो आपोआप घट्ट होतो. साधे दूध असे थिजत नाही. मग चीक का थिजावा? त्यात प्रथिने फार दाट असतात आणि उष्णतेने ती गोठतात, म्हणून. त्या प्रथिनांत ही प्रतिपिंडेही मोठ्या प्रमाणात असतात. म्हणजे खरवसाची सुरेख वडी पडते, ती वासराच्या शिदोरीतील ऐवजामुळेच! आणि एकदा शिजल्यावर त्या ऐवजाची संरक्षक शक्ती नाहीशी होते.

आता कोड्याचा दुसरा अर्धा भाग पाहू. चीक पोटभर पिऊनही काही वासरे हगवणीने मरत. असे का व्हावे? उत्तर तसे सोपे आहे. माता वासराला तेच देऊ शकते, जे तिच्याजवळ असते. ज्या शत्रूशी तिच्या शरीराची कधी गाठच पडली नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे तिच्या रक्तात कोठून येणार? आणि रक्तात नाहीत, ती चिकात कोठून उतरणार?

येथे लस उपयोगी पडते. लस म्हणजे मारून किंवा दुबळा करून घेतलेला जंतू, अथवा त्या जंतूचा एखादा भाग. तो शरीरात टोचला, की रोग न होताच शरीराला शत्रूची ओळख पटते आणि ते प्रतिपिंडे बनवू लागते. पण या कामाला दोन-तीन आठवडे लागतात. वासराजवळ इतका वेळ कोठे असतो? हगवण आणणारे हे ई. कोलाय जंतू आयुष्याच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच त्याला गाठतात. वासराला लस टोचून ते प्रतिपिंडे बनवू लागेपर्यंत रोग आपले काम उरकून गेलेला असतो. म्हणून संशोधकांच्या मनात विचार आला, की वासराऐवजी गाभण गाईला लस टोचावी. शत्रूची ओळख मातेला करून द्यावी. म्हणजे ती आपल्या चिकातून वासराला हवे ते शस्त्र देईल.

विचार उत्तम होता; पण तो प्रत्यक्षात उतरविणे अवघड होते. ई. कोलाय जंतूच्या आवरणावरून त्याचे दीडशेहून अधिक प्रकार ओळखता येतात. एका प्रकारची लस टोचावी, तर वासराला भलत्याच प्रकाराने गाठावे! इतक्या सगळ्या प्रकारांची लस एका पिचकारीत कशी भरणार? तेव्हा, रोग आणणाऱ्या सर्व जंतूंना सारखीच अशी काही खूण आहे काय, याचा शोध घेणे भाग होते.

ती खूण सापडली, परंतु प्रथम ती गोठ्यात न सापडता डुकरांच्या खुराड्यात सापडली. डुकरांच्या पिलांनाही अशीच हगवण होते. आतड्यातून अन्नरस आणि पाणी सारखे पुढे वाहत असते. त्या प्रवाहाबरोबर जंतूही वाहून जातात. ज्याला तेथे ठाण मांडून बसायचे असेल, त्याला आतड्याच्या भिंतीला चिकटता आले पाहिजे. गवतातून चालताना कुसळे धोतराला कशी चिकटतात, ते तुम्ही पाहिले असेल. काही ई. कोलाय जंतूंच्या अंगावर अशाच कामाचे, परंतु अतिशय सूक्ष्म असे केसांसारखे तंतू असतात. त्यांच्या साहाय्याने जंतू आतड्याला घट्ट चिकटतो, तेथेच वाढतो आणि एक विष सोडतो. त्या विषामुळे आतडे पाणी शोषून घेण्याऐवजी उलट शरीरातील पाणी बाहेर ओतू लागते. हीच हगवण.

डुकरांच्या पिलांना रोग आणणाऱ्या जंतूंवरील या तंतूंना ‘के-८८’ असे नाव मिळाले होते. इंग्लंडमधील हॉटन येथील संशोधनशाळेत हर्बर्ट विल्यम्स स्मिथ आणि लिंगूड यांनी १९७१ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. के-८८ तंतू नाहीसे झालेला जंतू, विष बनविण्याची शक्ती शाबूत असली, तरी पिलांना पूर्वीसारखे आजारी पाडू शकत नव्हता. चोराजवळ सुरी आहे, पण भिंतीवर चढायला दोरच नाही. मग तो घरात शिरणार कसा? या शोधाचा उपयोग इंग्लंडमध्येच, कॉम्प्टन येथील रटर आणि जोन्स या संशोधकांनी करून घेतला. त्यांनी गाभण डुकरिणींना के-८८ची लस टोचली. १९७३ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की अशा मातांचे दूध प्यालेल्या पिलांचे रोगापासून रक्षण होते. जंतूला ठार मारण्याची गरजच पडली नाही. त्याचा दोर पकडला, की तो आपोआप वाहून जातो!

मग वासरांच्या जंतूंजवळही असाच एखादा दोर असेल काय? विल्यम्स स्मिथ आणि लिंगूड यांनाच १९७२ साली वासरे आणि कोकरे यांना रोग आणणाऱ्या ई. कोलाय जंतूंवर अशी एक समान खूण आढळली. जंतूंचे प्रकार निरनिराळे होते, परंतु खूण एकच होती. १९७५ साली डेन्मार्कमधील इडा आणि फ्रिट्स ओर्स्कोव्ह या संशोधक दांपत्याने आपल्या सहकाऱ्यांसह तिचे स्वरूप निश्चित करून तिला ‘के-९९’ हे नाव दिले. आज तिला ‘एफ-५’ असेही म्हणतात. १९७७ साली अमेरिकेतील आयझॅकसन यांनी हे तंतू जंतूपासून वेगळे करून शुद्ध स्वरूपात मिळविले. आता लशीची सामग्री हाती आली.

पुढील प्रयोग झाला कॅनडातील सास्काटून येथे. तेथे एकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गाभण गाईंना शुद्ध के-९९ची लस टोचली, काहींना हा तंतू धारण करणाऱ्या मेलेल्या जंतूंची लस टोचली, आणि काहींना या जंतूंविरुद्धची लस दिली नाही. गाई व्याल्यावर वासरांना मातेचा चीक मिळाला, आणि मग त्यांना रोगाचे जिवंत जंतू मुद्दाम पाजण्यात आले. लस न टोचलेल्या गाईंची वासरे आजारी पडून मोठ्या प्रमाणात मेली. लस टोचलेल्या गाईंची वासरे बहुतांशी वाचली. शिवाय, ज्या गाईच्या चिकात के-९९विरुद्धची प्रतिपिंडे अधिक, तिचे वासरू अधिक सुरक्षित, असेही दिसून आले. हा वृत्तांत १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या काळात अशा लशी बाजारात आल्या आणि अनेक देशांतील पशुपालक त्या वापरू लागले.

ही लस काम कशी करते, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. गाय विण्याच्या काही आठवडे आधी तिला लस टोचतात. तिचे शरीर के-९९विरुद्धची प्रतिपिंडे बनविते, आणि नेमक्या चीक तयार होण्याच्या काळात ती कासेत उतरतात. वासरू चीक पिते, तेव्हा ही प्रतिपिंडे त्याच्या आतड्यात जंतूंच्या तंतूंवर जाऊन बसतात. तंतूंची टोके अशी झाकली गेली, की त्यांना आतड्याची भिंत पकडता येत नाही. कुसळाचे टोक मेणात बुडविले, तर ते धोतराला कसे चिकटेल? तसेच हे. पुढे वासरू पाच-सहा दिवसांचे झाले, की के-९९ला चिकटण्याजोग्या जागाच त्याच्या आतड्यात कमी होत जातात, आणि या एका शत्रूचे भय ओसरते.

या लशीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. वासरांना हगवण आणणारा हा एकटाच शत्रू नव्हे. पहिल्या काही आठवड्यांत रोटाव्हायरस आणि कोरोनाव्हायरस हे विषाणू, काही सूक्ष्म परजीवी आणि साल्मोनेला नावाचे जंतूही हगवण आणतात. त्यांच्यावर के-९९ची लस चालत नाही. म्हणून आज मिळणाऱ्या पुष्कळशा लशींत के-९९च्या जोडीला रोटाव्हायरस आणि कोरोनाव्हायरस यांचेही अंश घातलेले असतात. लस टोचली, म्हणून स्वच्छतेची गरज संपते, असेही नाही. ओल्या, शेणामुताने माखलेल्या जमिनीवर जंतू इतके वाढतात, की चांगली शिदोरीसुद्धा अपुरी पडते. वासराची जागा कोरडी असावी. त्याच्या नाळेला जंतुनाशक औषध लावावे. त्याला पाजण्याचे भांडे आणि पाजणाराचे हात स्वच्छ असावेत. इतके करूनही हगवण लागलीच, तर जनावरांच्या डॉक्टरांना विनाविलंब बोलवावे, आणि त्यांच्या सल्ल्याने मीठ, ग्लुकोज व इतर क्षार घातलेले पाणी पाजून शरीरातून गेलेले पाणी भरून काढावे.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र वेगळीच आहे, आणि ती दूर करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. लशीने तयार झालेली प्रतिपिंडे गाईच्या कासेत येऊन थांबतात. तेथून वासराच्या पोटात जाण्यासाठी त्यांना चिकाखेरीज दुसरी वाट नाही. आपल्या खेड्यांत अनेक ठिकाणी अशी समजूत आहे, की गाईची वार पडेपर्यंत वासराला कासेला लावू नये. वार पडण्यास कित्येकदा बरेच तास लागतात. तेवढ्या वेळात वासराच्या आतड्याचा दरवाजा मिटू लागलेला असतो. जास्त चीक प्याल्याने वासराला हगवण लागते, असेही काही जण म्हणतात आणि त्याला हात राखून पाजतात. वास्तविक चीकच त्याला हगवणीपासून वाचवीत असतो. कोठे कोठे पहिल्या धारेचा चीक खरवसासाठी किंवा शेजारीपाजारी वाटण्यासाठी काढून ठेवतात. पण प्रतिपिंडे सर्वांत अधिक असतात ती पहिल्या धारेतच. पुढच्या प्रत्येक धारेला ती झपाट्याने घटत जातात.

यासाठी पशुवैद्य एक सोपा नियम सांगतात. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याला पहिल्या दिवशी मिळाला पाहिजे. वासरू २५ किलो वजनाचे असेल, तर अडीच लिटर. हा चीक एकदम न पाजता विभागून पाजावा; मात्र पहिला हप्ता जन्मापासून दोन तासांच्या आत त्याच्या पोटात गेला पाहिजे. वार पडली की नाही, याची वाट पाहू नये. चीक उकळू नये, धारोष्णच पाजावा. वासरू अशक्त असेल आणि त्याला स्वतः ओढता येत नसेल, तर चीक स्वच्छ भांड्यात काढून, बाटलीने, धीर धरून पाजावा. वासराचा वाटा त्याला पुरेपूर मिळाल्यावर जे उरेल, त्याचा खरवस खुशाल करावा. तो अधिकच गोड लागेल.

म्युनिकमधील बालवैद्य, डेन्मार्कमधील पशुवैद्य, प्रिन्स्टनचे गोठे, इंग्लंडमधील डुकरांची खुराडी आणि सास्काटूनच्या गाई, अशा दूरदूरच्या टप्प्यांनी या लशीचा प्रवास झाला. एशेरिखने जंतू पाहिला, तेव्हापासून सास्काटूनच्या प्रयोगापर्यंत सुमारे ९४ वर्षे लोटली. एकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याने शोधले, आणि दुसऱ्याला पडलेला प्रश्न तिसऱ्याने पुढे नेला. ज्ञानाची वाटचाल अशीच होत असते. परंतु या लांबच्या प्रवासातील शेवटचे दोन हात अंतर कोणी शास्त्रज्ञ चालून येत नाही. गाईच्या कासेपासून वासराच्या तोंडापर्यंतचे ते अंतर त्या वेळी गोठ्यात जे कोणी उभे असेल, त्यानेच पार करावयाचे असते. पुष्कळदा ते घरातील एखादे मूलच असते. थरथरत उभ्या राहिलेल्या वासराला हळूच आधार देऊन त्याचे तोंड कासेला लावणे, ही गोष्ट दिसावयास लहान आहे. पण तेवढे झाले नाही, तर मागचे सगळे श्रम वाया जातात.